वर ढकलणारा चेन टेन्शनर : चिऱ्यांवरचे आठ महिने

मागच्या चाकावर उभं राहायचं, ब्रेक दाबून तोल धरायचा आणि ब्रेक सोडताच पेडलला एकच जोरदार दणका देऊन समोरच्या दगडावर जायचं. पाय जमिनीला न टेकवता सायकलने दगडधोंडे पार करायचा खेळ म्हणजे ट्रायल्स, आणि त्यातली निम्मी चाल ही अशीच असते. त्या दणक्याला चेन एक दात जरी उडाली, तरी पेडल रिकामं खाली जातं, पाय सुटतो आणि पेडलचे खिळे नडगीत घुसतात. गेल्या वर्षी गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका बंद चिरेखाणीत माझं तेच झालं. चार टाके पडले. त्यानंतरच मी टेन्शनरकडे, म्हणजे रोलरने चेन ताणून धरणाऱ्या भागाकडे, नीट लक्ष दिलं.

सायकल 26 इंची. पुढे क्रँकवरच 18 दातांचं फ्रीव्हील (पुढे जोर देणारं, उलट मोकळं फिरणारं दातेरी चाक), मागे 15 दातांचं फिक्स कॉग (मागच्या चाकाला पक्कं जोडलेलं दातेरी चाक). फ्रेमचे ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा) उभे आहेत, म्हणजे मागचं चाक सरकवून चेन ताणायची सोय नाही. ज्यांचे ड्रॉपआउट आडवे असतील त्यांनी टेन्शनरच्या वाटेला जाऊ नये. एक्सलला शंखासारख्या आकाराचे कॅम लावून चाक मागे ढकलावं, एवढं पुरतं. चेनची कड्यांची एक जोडी काढली की चाक 12.7 मिलिमीटर पुढे येतं, हाफ लिंक (जोडीऐवजी एकटी कडी) वापरली तर त्याच्या निम्मं, म्हणून त्यांनाही जागा जुळवता येते.

आधी माझ्याकडे जुन्या गिअरच्या सायकलचा डिरेलर (गिअर बदलणारा, चेन ताणणारा भाग) लावलेला होता. फुकटात काम झालं, पण त्याचा पिंजरा खाली लोंबतो आणि आपण चालवतो चिऱ्यांच्या कडांवर. दोन महिन्यांत तो वाकला. मग एक साधा, खाली ढकलणारा टेन्शनर आणला. नडगी फुटली ती त्याच्यावर.

चूक कुठे होती ते कॉगकडे पाहिल्यावर कळलं. खालची चेन रोलरने खाली दाबली की ती कॉगवरून लवकर सुटते. माझ्या कॉगचे सहाच दात चेनमध्ये अडकलेले होते. तीच चेन रोलरने वर उचलली, तर ती कॉगला जास्त वेढा घालते. आता मोजले तर नऊ दात भरतात. दणक्याचा सगळा जोर नऊ दातांवर वाटला जातो. टेन्शनर विकत घेताना बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, पण वर ढकलणारा आहे ना आणि रोलर कॉगच्या जवळ येतो ना, एवढं नक्की पाहा. रोलर मधोमध बसला तर वेढा फारसा वाढत नाही.

मी घेतला तो हँगरवर (फ्रेमला डिरेलर जिथे लागतो त्या कानावर) बसणारा, स्प्रिंगचा, एका रोलरचा. डिसेंबरात बसवला. हँगरचे आटे बारीक असतात (10 मिलिमीटरचा बोल्ट, आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर), आणि हँगर अ‍ॅल्युमिनियमचा. बोल्ट आधी हातानेच फिरवायचा, पाना नंतर. मी ज्या लेथवाल्याकडे वॉशर करून घेतले ते म्हणाले, "बाब, तिरका लागला तर जोर काढू नका, आटे गेले की फ्रेमच गेली." सल्ला मोलाचा होता, कारण माझा पहिल्यांदा तिरकाच लागला होता. ग्रीस लावून पुन्हा सुरुवात केली.

वॉशर कशाला? रोलर, कॉग आणि पुढचं फ्रीव्हील एका रेषेत यायला हवेत. मागून एक डोळा मिटून पाहिलं तर माझा रोलर आतल्या बाजूला दीड मिलिमीटर होता. इतक्याशा फरकानेही चेन रोलरच्या कडेवर चढून करकरत होती. पातळ वॉशर घातला आणि आवाज थांबला. पडल्यावर हँगर वाकतो, तेव्हा ही रेषा प्रत्येक आपटीनंतर पाहायला हवी.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली. जांभ्याची लाल माती स्प्रिंगच्या वेटोळ्यात जाते, सुकते आणि विटेसारखी घट्ट होते. जुलैमध्ये एकदा रोलरचा दांडा खाली दाबल्यावर परत वर येईना. आता प्रत्येक वेळी घरी आल्यावर पाणी, जुना टूथब्रश आणि स्प्रिंगमध्ये ग्रीस. हणजूणच्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून आलो तर गोडं पाणी त्याच संध्याकाळी, सकाळची वाट पाहायची नाही. तरी रोलरचं बेअरिंग गंजलंच. माप घेऊन म्हापशात दुसरं मिळालं.

पुढे फ्रीव्हील असलेल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मागचं कॉग फिक्स असल्यामुळे पेडल थांबलं तरी चाकाबरोबर चेन फिरतच राहते. फ्रीव्हीलमध्ये चिखल जाऊन ते जड झालं, की पेडल न मारता सायकल पुढे जाताना चाक खालची चेन मागे खेचतं. ती ताठ होते, टेन्शनर दबतो आणि ढिलाई सगळी वर येते. त्यानंतरचा दणका धोक्याचा. मला आधी वाटलं स्प्रिंग कमजोर आहे. स्प्रिंग ठीक होती, फ्रीव्हील उघडून धुतल्यावर प्रश्न सुटला.

तक्रार एकच, पण मोठी. स्प्रिंगचा टेन्शनर चेनची झीज लपवतो. चेन लांबली तरी तो तिला उचलून धरतो आणि आपल्याला ढिलाई दिसतच नाही. म्हणून मी महिन्याला पट्टी लावतो. 24 कड्यांची लांबी पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये 304.8 मिलिमीटर असते. मागच्या रविवारी 306.5 भरली. अर्ध्या टक्क्याच्या वर गेली म्हणजे गाडी चालवायची नाही, म्हणून चेन आणि कॉग दोन्ही बदलले. नव्या चेनवर रोलर पुन्हा रेषेत आहे का ते पाहिलं, वॉशर तोच चालला. त्या दिवशी दुपारी खाणीत गेलो, त्याच चिऱ्यासमोर उभा राहिलो आणि चढलो.