चिनी मातीचा की कंपोझिट? लाईनवर कुठला इन्सुलेटर लावायचा

विजेची तार टॉवरला टांगून धरणारा, पण वीज टॉवरमध्ये उतरू न देणारा तो इन्सुलेटर. तो कुठला घ्यायचा हा विषय निघाला की सगळे आधी रेट विचारतात, मी आधी विचारतो की लाईनवर घाण किती बसते. खारी हवा, सिमेंटची धूळ, कारखान्याचा धूर असं काही असेल तर पोर्सेलीनवर (म्हणजे चिनी मातीवर) थर चढतो, कोरडा असेपर्यंत काही त्रास नाही पण पहाटे दव पडलं की तो ओला होतो, त्यातून लीकेज करंट वाहायला लागतो आणि फ्लॅशओव्हर (पृष्ठभागावरून ठिणगी पडून तार टॉवरला शॉर्ट) होऊन लाईन ट्रिप. मग बसा धुवत.

कंपोझिटमध्ये आत फायबरग्लासचा रॉड आणि वर रबराचं आवरण असतं. सिलिकॉन रबरवर पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन राहतं. वर थर बसला तरी रबरातलं हलकं सिलिकॉन हळूहळू त्या थरात उतरतं आणि मग घाणसुद्धा पाणी धरत नाही, ही खरी कमाल. ईपीडीएम रबरला हे जमत नाही, त्यामुळे स्वस्त मिळतंय म्हणून ते घेऊ नका.

आता क्रीपेज बघा, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. अतिशय जास्त प्रदूषणाला जुना हिशोब ३१ मिमी प्रति केव्ही, म्हणजे १३२ केव्ही लाईनला (कमाल १४५ धरून) साधारण ४५०० मिमी. पोर्सेलीनच्या साध्या डिस्कचं (अशा ताटल्या एकाखाली एक जोडून स्ट्रिंग होते) क्रीपेज २९० च्या आसपास, म्हणजे १६ डिस्क झाल्या, आणि एवढी लांब स्ट्रिंग जुन्या टॉवरच्या क्लिअरन्समध्ये (तार आणि टॉवरमधल्या मोकळ्या अंतरात) बसवणार कशी? फॉग टाइप (जास्त क्रीपेजची) डिस्क घेता येते पण वजन वाढतं. कंपोझिटमध्ये शेड (रबराच्या चकत्या) वाढवून काम भागतं, वजनही पोर्सेलीन स्ट्रिंगच्या पाव हिश्शापेक्षा कमीच.

पण पोर्सेलीन फेल होतं ते हप्त्याहप्त्याने. एक डिस्क पंक्चर झाली (आतून वीज आरपार गेली) तरी बाकीच्या व्होल्टेज धरतात, तेवढी एकच बदलायची (पंक्चर खालून दिसत नाही ही बोंब आहेच). कंपोझिटमध्ये फिटिंगजवळचं सील गेलं, पाणी आणि ॲसिड आतल्या फायबरग्लास रॉडपर्यंत पोचलं की रॉड रेटिंगपेक्षा बऱ्याच कमी लोडला तुटू शकतो आणि मग कंडक्टर सरळ खाली. म्हणून ॲसिड न लागणारा ईसीआर ग्लासचा रॉड मागा, सील हातात घेऊन बघा.

माझं मत, घाण असेल किंवा दगड मारणारे असतील तर डोळे झाकून कंपोझिट. हवा स्वच्छ आणि चाळीस-पन्नास वर्षांचा विचार असेल तर पोर्सेलीन. लाईन टाकून बरेच महिने चार्ज करणार नसाल तरी पोर्सेलीनच बरं, कारण बंद लाईनवर पक्षी येऊन रबराचे शेड टोचतात.