कूलर मोठा घ्या, पण आधी त्याची बैठक बघा

संगणकाच्या प्रोसेसरवर बसणाऱ्या मोठ्या एअर कूलरच्या तुलना वाचताना डोळा थेट तापमानाच्या आलेखावर जातो. तिथं वरच्या पाच-सहा नावांमध्ये फरक असतो फार तर दोन-तीन अंशांचा. तोच कूलर बोर्डावर जरा कलता बसला, तर तेवढे अंश कधी गेले ते कळतही नाही. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ दोन्ही फॅनसकट १,३२० ग्रॅम भरतो. त्याची २०२४ मध्ये आलेली पुढची आवृत्ती, जी२, भरते १,५२५ ग्रॅम. एवढी दीड किलोची वस्तू उभ्या मदरबोर्डावर आडवी लटकणार आणि तिचा तळ मात्र प्रोसेसरच्या झाकणावर चारही बाजूंनी सारखा दाबून राहायला हवा. हे काम ना मनोरा, म्हणजे धातूच्या पात्यांचा उभा गठ्ठा करतो, ना फॅन. ते करतात दोन पट्ट्या, दोन स्प्रिंगा आणि मूठभर स्क्रू. म्हणून इथं तुलना त्यांचीच केली आहे.

आधी सॉकेटचं गणित

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. इंटेलच्या बोर्डावर तिच्याभोवती कूलरची चार भोकं चौरसात असतात. एलजीए ११५० पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटना त्यांच्यातलं अंतर ७५ मिलिमीटर होतं. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० ला ते ७८ झालं आणि २०२४ च्या एलजीए १८५१ ला ७८ च राहिलं. म्हणजे १७०० चं किट (कूलर बसवायच्या भागांचा संच) १८५१ ला चालतं, पण १२०० चं किट १७०० ला चालत नाही. इथं एक फसगत होते. आसुसच्या काही झेड६९० बोर्डांवर दोन्ही मापांची भोकं आहेत, त्यामुळे जुनं किट आरामात बसतं आणि बसवणारा खूश होतो. पण १७०० मध्ये प्रोसेसरच्या झाकणाची उंची जुन्यापेक्षा सुमारे पाऊण मिलिमीटर कमी आहे. स्क्रू आपल्या जागी पोचून थांबतो, वरून सगळं घट्ट दिसतं, आणि स्प्रिंग मात्र हवी तेवढी दबलेलीच नसते. भोक जुळलं म्हणजे दाब जुळला असं नाही.

एएमडीचं प्रकरण सरळ आहे. एएम४ आणि एएम५ या त्यांच्या दोन्ही सॉकेटची भोकं ५४ बाय ९० मिलिमीटरवर. फरक पाठीमागे, बोर्डाच्या मागून आधार देणाऱ्या बॅकप्लेटमध्ये आहे. एएम४ ची बॅकप्लेट सुटी असते: वरचे चार स्क्रू काढले की ती मागून खाली पडते. बोर्ड कॅबिनेटमध्ये उभा असेल तर एक हात मागे धरूनच ठेवावा लागतो. एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटलाच जखडलेली असते, ती काढायची नाही. त्यामुळे स्वतःची वेगळी बॅकप्लेट लावणारे जुने कूलर एएम५ वर बाद, आणि बोर्डाची मूळ बॅकप्लेट वापरणारे बहुतेक कूलर पास. या बॅकप्लेटचे आटे ६-३२ मापाचे आहेत. हरवलेल्या स्क्रूच्या जागी डब्यातला एम३ स्क्रू लावून बघण्याचा मोह होतो. तो जरासा बारीक असल्याने आत जातो, फिरतो, पण पकडत नाही.

पुश-पिन, क्लिप आणि कात्री

बोर्डाच्या भोकांत दाबून अडकवायच्या प्लॅस्टिकच्या चार पुश-पिना असलेला कूलर अर्ध्या किलोच्या आतला असेल तर ठीक. मोठ्या कूलरच्या चर्चेत त्यांना जागा नाही. एक पिन अर्धवट बसली तरी वरून चारही सारख्याच दिसतात. खात्री करायची तर बोर्ड उलटा करून मागे आलेली टोकं बघावी लागतात.

एएमडीची आकडेवाली क्लिप त्यापेक्षा भरवशाची. अवजार लागत नाही, पाच मिनिटांचं काम. पण बोर्डावरच्या कड्या वर-खाली अशा दोनच बाजूंना असल्याने कूलरचं तोंड कुठं येणार हे त्याच ठरवतात, तुम्ही नाही. शिवाय सगळा भार प्लॅस्टिकच्या कड्यांवर. किलोभराच्या पुढं तो विचार सोडा.

कूलर मास्टरच्या हायपर २१२ इव्होमुळे घराघरांत पोचलेली कात्रीपट्टी ही मधली पायरी. फुलीच्या आकाराची पट्टी तळावर आडवी घालायची, तिचे चार हात आपल्या सॉकेटच्या मापाला सरकवायचे आणि चारही टोकांचे स्प्रिंग स्क्रू आवळायचे. स्वस्त आहे आणि अनेक सॉकेटना पुरते. त्रास एवढाच, की शेवटचा स्क्रू लागेपर्यंत कूलर थर्मल पेस्टवर (प्रोसेसर आणि तळ यांच्यामध्ये लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप) डावी-उजवीकडे फिरत राहतो. एका हाताने मनोरा धरायचा, दुसऱ्याने पेचकस, आणि तिसरा हात नसतो. चार स्क्रू असले की क्रमही पाळावा लागतो: एक, मग त्याच्या कर्णावरचा, मग उरलेले दोन, प्रत्येकी दोन-दोन फेरे.

दोन पट्ट्या, दोन स्प्रिंग स्क्रू

आज मोठा कूलर घेणाऱ्याची खरी निवड याच कुळातली आहे. नॉक्टुआचं सेक्युफर्म२, थर्मलराइटच्या पिअरलेस असॅसिनचं किट, डीपकूल एके६२० चं किट, सगळ्यांचा सांगाडा एकच. मागे बॅकप्लेट, पुढं चार टेकू, त्यांवर दोन धातूच्या पट्ट्या, त्या पट्ट्यांत उभे दोन आटेदार खुंट, आणि कूलरच्या तळाला आधीच अडकवलेले दोन स्प्रिंग स्क्रू.

यातली खुबी अशी, की दाब तुमच्या मनगटावर सोडलेला नाही. स्क्रू एका जागी टेकून थांबतो. तिथपर्यंत स्प्रिंग किती दबणार हे कारखान्यातच ठरलेलं असतं. म्हणून ‘अजून थोडं’ आवळण्यात काहीच मिळत नाही, आटे मात्र जातात. नॉक्टुआ आवळण्याचा जोर कमाल ०.६ न्यूटन-मीटर सांगते. हाताच्या भाषेत, पेचकसची मूठ तीन बोटांत धरून स्क्रू थांबेपर्यंत. पूर्ण मुठीत धरून खांदा लावायचा नाही.

इथं बिघडतं ते क्रमामुळे. एक स्क्रू शेवटपर्यंत आवळून मग दुसऱ्याकडे वळलं, की तळ झोपाळ्यासारखा एका बाजूला कलतो, पेस्ट दुसऱ्या कडेला ढकलली जाते आणि दुसरा खुंट आट्यात तिरका शिरतो. बरोबर रीत: दोन्ही स्क्रू आधी नुसते दोन-दोन फेरे पकडवून घ्या. कूलर हलक्या हाताने हलवून बघा, दोन्हीकडे सारखा डुलला पाहिजे. मग आलटून-पालटून दोन-दोन फेरे, दोन्ही थांबेपर्यंत. एक थांबला आणि दुसऱ्याचे बरेच फेरे उरले, तर जबरदस्ती न करता दोन्ही सोडून पुन्हा सुरू करा. आणि हो, तळावरची पारदर्शक फिल्म. ती काढायची राहिली की बायोसमध्येच, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावरच, तापमान चढताना दिसतं, आणि दोष कूलरला दिला जातो.

सांगाडा एकच असला तरी वापरताना फरक जाणवतो. थर्मलराइटचा पिअरलेस असॅसिन १२० एसई किमतीच्या मानाने थंडाव्यात भल्याभल्यांना घाम फोडतो. पण त्याच्यासारख्या अनेक किटांत इंटेलच्या बॅकप्लेटच्या कोपऱ्यात स्क्रूसाठी दोन-तीन जागा असतात, आणि चारही स्क्रू एकाच मापाच्या जागेत सरकवले आहेत ना, हे तुम्हीच बघायचं. तीन बरोबर आणि एक चुकीच्या खाचेत असा घोळ बोर्ड पालथा घातल्यावरच उमगतो. नॉक्टुआच्या पिशव्यांवर सॉकेटचं नाव असतं, टेकूंचे रंग सॉकेटप्रमाणे वेगळे असतात, आणि लांब पेचकसही खोक्यातच मिळतो. जास्तीचे पैसे नुसत्या तपकिरी फॅनचे नाहीत, यांचेही आहेत.

दोन मनोऱ्यांच्या बहुतेक कूलरना स्क्रू मनोऱ्यांच्या मधल्या फटीत येतात. म्हणजे मधला फॅन काढून ठेवूनच सुरुवात करायची, आणि पेचकस किमान १५ सेंटिमीटर दांड्याचा, चुंबकी टोकाचा हवा. घरातला आखूड पेचकस तिथं पोचत नाही.

बी क्वाएटची वाट थोडी वेगळी. डार्क रॉक प्रो ३ साठी कूलर उलटा ठेवून त्यावर बोर्ड पालथा घालायचा आणि मागून स्क्रू लावायचे अशी कसरत होती. कॅबिनेटमध्ये बसलेल्या बोर्डावर हे होणारच नव्हतं. २०१८ च्या प्रो ४ मध्ये काम वरून होऊ लागलं, पण तळावरून आडवी जाणारी पट्टी सुटी आहे. ती मनोऱ्यांच्या मधून सरकवून जागेवर आणायची आणि मग स्क्रू लावायचे. एकदा बसला की बसला. मात्र दर सहा महिन्यांनी प्रोसेसर बदलणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

आर्क्टिकचा निराळा विचार, आणि एलजीए १७०० चं दुखणं

एलजीए १७०० चा प्रोसेसर लांबट आहे, ४५ बाय ३७.५ मिलिमीटर. सॉकेटची मूळ पकड, म्हणजे प्रोसेसर जागेवर धरणारी धातूची चौकट, त्याला लांब बाजूंच्या मध्यावर दाबते, त्यामुळे झाकण मध्ये किंचित खोलगट होतं आणि सपाट तळाचा कूलर टोकांवरच टेकतो. यावर दोन उपाय निघाले. एक, मूळ पकड काढून तिथं सगळ्या कडेने सारखा दाबणारी कॉन्टॅक्ट फ्रेम लावणं. थर्मल ग्रिझली आणि थर्मलराइट दोघांच्याही फ्रेम सुट्या मिळतात. दुसरा नॉक्टुआचा: तळच मुद्दाम कमी-जास्त फुगीर करणं. एनएच-डी१५ जी२ म्हणूनच तीन प्रकारांत येतो. मूळ पकड तशीच ठेवून १७०० वर लावायचा असेल तर जास्त फुगीर एचबीसी, एएम५ किंवा कॉन्टॅक्ट फ्रेमसाठी सपाट एलबीसी, आणि पुढे सॉकेट बदलायची शक्यता असेल तर मधला साधा. मागवताना ही तीन अक्षरं नीट वाचा.

आर्क्टिकने २०२४ च्या फ्रीझर ३६ मध्ये फ्रेम खोक्यातच दिली आणि इंटेलवर तिचाच आधार घेतला. एकाच मनोऱ्याचा कूलर, किंमत आटोक्यात, वर फ्रेमचा वेगळा खर्च नाही. हिशेबाने सगळ्यांत चोख. पण किंमत धाडसात मोजावी लागते, कारण मूळ पकडीचे टी२० टॉर्क्सचे (चांदणीच्या खाचेचे) चार स्क्रू काढावेच लागतात. बोर्ड टेबलावर आडवा ठेवूनच हे करा, नाहीतर मागची पट्टी सुटून पडते. प्रोसेसर जागेवरून उचलू नका, खाली सॉकेटच्या पिना उघड्या आहेत. फ्रेम ठेवून चारही स्क्रू कर्णाने, आधी नुसते टेकेपर्यंत आणि मग जेमतेम पाव फेरा. जास्त आवळलं तर मशिन सुरू होतं, पण रॅमची एक पट्टी दिसत नाही. असं झालं की रॅम बदलण्याआधी फ्रेम थोडी सैल करून पाहा. मूळ पकडीत फेरफार केला तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, असं इंटेलने सांगितलेलं आहे. ज्याला हे नको, त्याने फुगीर तळाचा कूलर घ्यावा आणि एक-दोन अंश विसरावेत.

मग कोणासाठी काय

एएम५ वर नवं मशिन असेल तर डोळे झाकून दोन पट्ट्यांचं कुळ. बजेट आवळतं असेल तर पिअरलेस असॅसिन, आणि वाचलेले पैसे रॅमला. एएम५ च्या प्रोसेसरमध्ये तापणाऱ्या चिप झाकणाच्या मध्यावर नसून खालच्या बाजूला असतात, म्हणून नॉक्टुआच्या नव्या पट्ट्या कूलर ७ मिलिमीटर खाली सरकवतात. कंपनीच्या मते फायदा १ ते ३ अंशांचा. फुकट मिळत असेल तर घ्या, त्यासाठी कूलर बदलू नका.

एएम४ वर जुना कूलर काढून मोठा लावणार असाल तर धोका बसवण्यापेक्षा काढण्यात आहे. या सॉकेटला वरून पकड नाही, त्यामुळे वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशिनला राबवून गरम करा, मग बंद करा, प्लग काढा, आणि स्क्रू सोडल्यावर कूलर सरळ ओढण्याऐवजी डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

विदर्भात मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत मशिन चालवणाऱ्याने २५ अंशांच्या खोलीत केलेल्या चाचण्यांचे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. मधले १३ अंश सरळ मिळवायचे. तिथं वाकड्या बैठकीला माफी नाही.

दहा वर्षं एकच कूलर वापरायचा विचार असेल तर नॉक्टुआ. खरेदीचा पुरावा दिला की नव्या सॉकेटचं किट कंपनी फुकट देते, म्हणून बिल जपून ठेवा. वापरलेला कूलर घेताना उलटं: मनोऱ्याच्या पात्या नंतर बघा, आधी पिशवी मागा. एक बॅकप्लेट, चार टेकू, दोन पट्ट्या, पट्ट्यांचे चार नट किंवा स्क्रू, फॅनच्या क्लिपा. यातलं एक जरी कमी असलं तरी भाव पाडून मागा. बॅकप्लेटच नसेल आणि बोर्ड इंटेलचा असेल तर नकोच.

बोर्डावरचा मोठा कूलर तसाच ठेवून मशिन कुरियरने पाठवू नका. कोणतीही बैठक खोका आपटण्यासाठी बनवलेली नाही. कूलर काढा, वेगळा बांधा, आणि पोचल्यावर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. गाडीतून स्वतः नेणार असाल तर कॅबिनेट आडवं झोपवा, म्हणजे मनोरा वर उभा राहतो आणि भार सरळ सॉकेटवर येतो.