रीडिंग न जुळवता घालवलेले चार रविवार

अकरावी-बारावीसाठी मी ज्या महाविद्यालयात नाव घातले होते, तेथील प्रयोगशाळा वर्षातून फार तर सहा-सात वेळा उघडत असे. बोर्डाच्या परीक्षेत रसायनशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असले, तरी ते मागच्या तुकडीचे जर्नल उतरवून मिळतात, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. परिणामी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ब्युरेटची (द्रव थेंबाथेंबाने सोडणाऱ्या, खुणा केलेल्या नळीची) तोटी कोणत्या हाताने फिरवायची येथपासूनच माझे अडले. (उजव्या हाताने काम करणाऱ्याने तोटी डाव्या हाताने सांभाळावी आणि उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहावा.) म्हणून पुण्याच्या एरंडवण्यातील एका खासगी प्रात्यक्षिक वर्गात नाव नोंदवले. चार रविवार, सकाळी नऊ ते एक, तुकडीत बारा विद्यार्थी आणि शुल्क ३,२०० रुपये, असा तो वर्ग होता.

पहिल्या रविवारी एकही रसायन हाती दिले गेले नाही, याचा तेव्हा थोडा रागच आला. १० मिलिलिटरच्या पिपेटने (ठरावीक मापाचा द्रव ओढून घेणाऱ्या नळीने) साधे पाणी काढायचे, तराजूवरच्या बीकरमध्ये सोडायचे आणि वजन लिहायचे, एवढेच काम होते. माझे वजन १०.०२ ग्रॅमच्या आसपास येत होते आणि दहा मिलिलिटरचे दहा ग्रॅम भरले म्हणून मी खूश होतो. शिकवणाऱ्या मॅडमनी मात्र खोलीचे तापमान विचारले. २५ अंशांना पाण्याची घनता ०.९९७ असते, म्हणजे वजन ९.९७ च्या जवळपास यायला हवे होते. मग जास्तीचे पाणी आले कोठून? टोकाशी उरलेला शेवटचा थेंब मी दरवेळी फुंकर मारून काढत होतो. तो थेंब आत राहणार हे धरूनच पिपेटवरील खूण केलेली असते, त्यामुळे टोक भांड्याच्या कडेला टेकवून थांबायचे आणि उरलेले तसेच राहू द्यायचे, हे मला त्या दिवशी कळले. बारावीच्या पुस्तकात ते छापलेले असेलही; पण स्वतःच्या चुकीचे वजन तराजूवर पाहिल्यानंतर ती चूक पुन्हा झाली नाही.

या वर्गाचे खरे बळ दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी दिसले. ऑक्झॅलिक आम्लाचे ०.१ नॉर्मल (तीव्रतेचे एकक) द्रावण २५० मिलिलिटर करण्यासाठी १.५७६ ग्रॅम स्फटिक लागतात. मात्र नेमके तेवढेच तोलण्यासाठी चिमूट-चिमूट काढत-घालत बसू नये, त्याच्या जवळपासचे वजन अचूक नोंदवावे आणि तीव्रता त्यावरून काढावी, असा येथे आग्रह होता. त्यानंतर पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन (टायट्रेशन, म्हणजे अभिक्रिया पुरी व्हायला ब्युरेटमधले किती द्रावण लागते ते मोजणे) केले. विरल गंधकाम्ल घातलेले ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवूनही पहिल्या थेंबाचा रंग बराच वेळ जात नाही. त्या अभिक्रियेतच तयार होणारे मँगनीजचे आयन पुढे उत्प्रेरकाचे काम करतात आणि मग रंग भराभर उडू लागतो. हे माहीत नसल्यामुळे मी सुरुवातीलाच घाईने तोटी सोडली आणि फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला. मॅडमनी तो फ्लास्क ओतू न देता आम्ल कमी पडले की थेंब लवकर पडले, याचा शोध मलाच घ्यायला लावला. परमँगनेट गडद असल्यामुळे त्याचे रीडिंग ब्युरेटमधील द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या वरच्या कडेवर घेतात, हेही मी तेथेच पहिल्यांदा केले.

माझी तीन रीडिंग ९.८, १०.१ आणि ९.९ अशी आली. जुन्या सवयीने मी वहीत तिन्ही ठिकाणी ९.९ लिहिले आणि सी.बी.आर.च्या (पुन्हा पुन्हा तेच येणाऱ्या ब्युरेट रीडिंगच्या) रकान्यातही तेच भरले. मॅडमनी विचारले, “तीनदा नऊ पॉइंट नऊ कुठून आणलंस रे?” येथे वहीत पेनानेच लिहावे लागते, चुकलेले रीडिंग एका रेघेने खोडायचे, पण वाचता येईल असे ठेवायचे आणि शेजारी कारण लिहायचे. त्या दिवशी खऱ्या अर्थाने जुळणारी रीडिंग मिळायला मला सात अनुमापने लागली. माझ्या आजवरच्या सर्व जर्नलांत ते सर्वांत घाणेरडे पान आहे आणि माझे म्हणता येईल असेही तेवढेच.

चौथा रविवार मात्र वाया गेला असे म्हणावे लागेल. क्षाराचे (सॉल्टचे) गुणात्मक विश्लेषण, म्हणजे त्यात कोणते घटक आहेत ते ओळखणे, हा एका सकाळी उरकण्याचा विषय नव्हे; गट ओळखण्याच्या कसोट्या धावत-धावत झाल्या आणि शेवटी उत्तर फळ्यावर लिहून दिले गेले, म्हणजे जे टाळण्यासाठी आम्ही येथे आलो तेच घडले. त्यातच धूर ओढणारा पंखा क्षीण असल्यामुळे अमोनियाचा वास खोलीभर कोंडून राहिला. ही तक्रार मी गंभीर मानतो. बारा जणांत अचूक तराजू एकच असल्याने रोज अर्धा तास रांगेत जात असे, हे त्यापुढे किरकोळ आहे.

ज्यांना केवळ परीक्षेपुरती तयारी हवी आहे, त्यांना हे शुल्क जास्त वाटेल. पहिले तीन रविवार मी पुन्हा पैसे भरून करीन. चौथ्याचे दोन भाग केल्याशिवाय त्या दिवसासाठी जाणार नाही. जाणाऱ्यांनी संरक्षक चष्मा स्वतःचा न्यावा, कारण तेथे बारा जणांत आठच होते.