माणग्याची रोपं: कुडाळजवळच्या नर्सरीचा माझा अनुभव

कुडाळजवळच्या एका छोट्या नर्सरीतून मी माणग्याची, म्हणजे आपल्या कोकणातल्या बिनकाट्याच्या बांबूची, रोपं आणली होती. आता बेटं काढणीला आलीत, काकीने टोपल्याही विणल्यात, तेव्हा खात्रीने सांगते: रोपं उत्तम निघाली.

माणग्याला फुलोरा आला तरी बी सहसा धरत नाही. म्हणून 'बियांचा माणगा' सांगून कोणी रोप देत असेल तर घेऊ नका, ते भलतंच काहीतरी असणार. इथली रोपं काठीच्या तुकड्यांपासून केलेली. मालकांनी स्वतःहून एक पिशवी फाडून दाखवली. वर पाला बेताचाच, पण खाली बोटाएवढा कंद धरलेला आणि त्याला पांढरा टोकदार डोळा. "पाल्याक भुलू नकात वयनी, कंद बघा. आणि पयलो पाऊस पडलो की लावा."

गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतून, एकमेकांपासून चार-साडेचार मीटरवर लावली. कळक या दुसऱ्या बांबूसारखे काटे नसल्यामुळे घराजवळ लावायला भीती नाही. बुंध्याकडे काठी भरीव असते, त्यामुळे पडवळीचा मांडव भर पावसातही वाकत नाही.

काकीचं मत मला जास्त मोलाचं, कारण तिचे हात आयुष्यभर याच कामात आहेत. विणायला ती साधारण वर्षाची काठी घेते, मांडवाला आणि वईला (कुंपणाला) तीन वर्षांची. कोयत्याने चीर पाडून ती दोन्ही हातांनी काठी उलगडत नेते. पेराशी आल्यावर कामटी (चिरलेली पट्टी) तुटते की सरळ पुढे जाते, हे ती बघत असते. आमची सरळ गेली. "ह्येची रोवळी बरी होतली," एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. त्याच रोवळीत मी आता रोज तांदूळ धुते.

तक्रार एकच. साळिंदर कोवळे कोंब उकरून खातं, हे नर्सरीत कोणी सांगितलं नाही. सुरुवातीचे पावसाळे बुंध्याभोवती करवंदीच्या काटेरी फांद्या रचून ठेवा. भाव थोडा चढा आहे, पण कंद धरलेल्या रोपाला तो द्यावा.

तोडीच्या परवानगीची काळजी असेल तर, 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरच्या जमिनीतला बांबू वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळलाय. फक्त पावसाळ्यात, कोंब वर येत असताना, बेटाला कोयता लावू नका.