दंडावरचा शुगर सेन्सर, सात महिने वापरून

शुगर निघून नऊ वर्षं झाली मला. लातूरला खता-बियाण्याचं दुकान आहे, दिवसभर खुर्चीवर. दर तीन महिन्याला उपाशीपोटी रक्त द्यायचं, १५०-१६० आलं की डॉक्टर रात्रीचं जेवण कमी करा म्हणायचे आणि मी इमानदारीत अर्धी भाकरी खाऊन झोपायचो, तरी सकाळचा आकडा काही हलायचा नाही. शेवटी नोव्हेंबरात सेन्सर घेतला, दंडाला चिकटवायचा, दिवसरात्र शुगर मोजून मोबाईलच्या अ‍ॅपवर दाखवतो. एक १४ दिवस चालतो आणि मला साडेचार हजाराच्या पुढंच पडला, त्यामुळं सलग नाही, मधी गॅप ठेवत सात महिन्यात पाच लावले.

पहिल्याच सेन्सरात कळलं की रात्रीच्या भाकरीचा काही गुन्हाच नव्हता. रात्री २ ला ११८, आणि ४ नंतर काही न खाता-पिता चढत चढत ६ ला १५६. एखाद्या दिवशी झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण अ‍ॅप १४ दिवसांचे ग्राफ एकावर एक ठेवून दाखवतं आणि त्यात बारा दिवस तोच चढ. डॉक्टर म्हणाले, पहाटे अंगातले हार्मोनच लिव्हरला साखर सोडायला लावतात, डॉन फिनॉमेनन म्हणतात त्याला. गोळीची वेळ त्यांनी बदलून दिली, तुम्ही आपल्या मनानं काही करू नका.

खरा घोटाळा तर दुकानात होता. १० वाजता टपरीवरनं सुशीला, म्हणजे मुरमुऱ्याचा फोडणी दिलेला नाष्टा, यायची, मुरमुरे म्हणजे हलकं खाणं असंच आपण धरून चालतो ना, तासाभरात २४०! म्हणलं सेन्सर बिघडला, दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत खाल्ली, २३४. आता त्याजागी मोड आलेली मटकी आणि एखादं अंडं, १६० च्या वर सहसा जात नाही. भाकरीचं पण तसंच, ज्वारीची शुगरला चालते म्हणून मी दुपारी चार-चार हाणायचो. आता दोन, सोबत पालेभाजी-वरण जास्त, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं मोंढ्यात, म्हणजे बाजारात, चक्कर. नुसत्या चक्करनंच तीस-चाळीसचा फरक दिसतो, हे फक्त माझ्या अंगाचं सांगतोय. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, मात्र भज्जी, आंबील, गव्हाची खीर सगळं दाबून खाल्लं, २८० गेली, जाऊ द्या, वर्षातनं एकदाच असते.

आता तक्रारी. जानेवारीत रात्री ३ ला शुगर कमी झाल्याचा अलार्म वाजला, ६१. ही घाबरून उठली, चमचाभर साखर माझ्या तोंडात, दुसरा चमचा तयार. मला ना घाम ना थरथर, म्हणून बोट टोचून बघितलं तर ११२! त्याच दंडावर झोपलो होतो, दाबानं तसं खोटं लो दाखवतं. तेव्हापासून आकडा आणि अंग जुळत नसलं की बोटाची मशीन काढतो. तसंही सेन्सर रक्तातली नाही तर कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळं शुगर पटापट वर-खाली होताना तो मागं राहतो. पहिल्या दिवसाचे आकडे तर मी धरतच नाही.

एप्रिलच्या उन्हात घामानं एक सेन्सर नवव्या दिवशीच गळून पडला. कस्टमर केअरला फोटो पाठवला, सिरियल नंबर तिघा वेगवेगळ्या माणसांना सांगितला, बदली काय मिळाली नाही. आता वरून चिकटपट्टी लावतो, तर तिथं खाज सुटते.

७० ते १८० मधी किती वेळ राहिलो ते अ‍ॅप टक्क्यात दाखवतं, ७० टक्क्याच्या वर पाहिजे असं सांगतात. माझं ५४ होतं, मेच्या सेन्सरात ७३ आलं. लॅबचं एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ८.१ वरनं ७.१. रोज लावून ठेवायची गरज मला तरी वाटत नाही, इन्सुलिनवाल्यांचं गणित वेगळं असेल, ते डॉक्टरांना विचारा. पुढचा आषाढीच्या आदल्या दिवशी लावणार आहे, शाबुदाण्याचा हिशोब अजून बाकी आहे.