कूलिंग ‘अपग्रेड’च्या नावाखाली १८ हजारांना गंडवलं, सावध राहा

मे महिन्यात मराठवाड्यात गाडी तापली तर कुणाला नवल वाटत नाही. काही गॅरेजवाले नेमकं यावरच पैसे उकळतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझ्या डिझेल गाडीचा तापमानाचा काटा येरमाळ्याचा घाट चढताना वर जायचा आणि बाटलीतून कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) उकळून बाहेर यायचं. बीडजवळ हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडताच निकाल दिला, “भाऊ, कंपनीचा रेडिएटर आपल्या उन्हाला पुरत नसतो. तीन पदरी कोरचा नवा टाकू, मोठा फॅन बसवू, व्हॉल्व्ह काढून टाकू. परत काटा हलला तर मला बोला.” गाडी उभी असताना तापते की चढावर, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. प्रेशर लावून बघणं तर दूरच.

१८ हजार दिले आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. आधी फक्त घाटात त्रास होता, आता गेवराईकडच्या सपाट रस्त्यावरही काटा वर. फोन केला की आधी “एसी बंद ठेवा”, मग “नवं काम आहे, सेट होऊ द्या”, आणि शेवटी “इंजिन खोलावं लागेल, ४० हजार धरून चाला.” तिथेच मी गाडी छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग गाडी चालू ठेवली, फॅन लागू दिला आणि वर्तमानपत्राचा एक कपटा समोरच्या जाळीवर धरला. फॅन इंजिनच्या बाजूने हवा ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून माझ्या पायाशी पडला. फॅनच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या! गाडी पळताना समोरून येणाऱ्या वाऱ्याला हा फॅन आतून उलटा ढकलत होता. शिवाय मोठा फॅन मावेना म्हणून त्याच्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर काढून फेकलेलं. ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच ओढतो.

‘नव्या’ रेडिएटरचा काळा रंग नखाने खरवडला तर खाली जुनं डागकाम. कुलंटचे पैसे लावले होते, पण आत रंग टाकलेलं बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते हिटरच्या कॉईलवरचा पांढरा थर पाहिलेल्यांना सांगायला नको. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

त्याने काढायला सांगितलेला व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिनातलं पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. त्याबद्दल तर आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, म्हणजे उन्हाळ्यातही आपलं काम करतोच. काही इंजिनांत तो काढला की बायपास उघडा राहतो आणि गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात फिरतं.

मग मूळ दुखणं काय होतं? रेडिएटरची कॅप. काहीशे रुपयांची वस्तू. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण चांगली कॅप साधारण एक बार दाब धरून ठेवते तेव्हा तेच १२० च्या आसपास जातं. माझ्या कॅपचं रबर कडक होऊन दाब सुटत होता. इतक्या मोठ्या ‘अपग्रेड’मध्ये त्या माणसाने तीच कॅप परत लावली होती, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

४० हजारांच्या धमकीचंही खरं-खोटं झालं. हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधली सील) गेलं असेल तर सायलेन्सरमधून जायचा गॅस कुलंटमध्ये शिरतो आणि तपासणीचं निळं द्रव रंग बदलतं. माझं निळंच राहिलं. इंजिन ठणठणीत आहे.

कुणी पार्ट बदलायला निघालं तर आधी कॅप आणि सिस्टीम प्रेशर पंपाने तपासून मागा. उभ्या गाडीत तापत असेल तर संशय फॅनवर घ्या; चढावर तापत असेल तर रेडिएटर, वॉटर पंप, कॅप बघा. काढलेला पार्ट ताब्यात घ्या. माझा मूळ रेडिएटर मागितला तर “भंगारात गेला” असं उत्तर मिळालं. आणि गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका, वाफेने तोंड भाजतं.

पैसे परत द्यायला त्याने नकार दिला आहे. त्याची चिठ्ठी, यूपीआयची नोंद, फोटो आणि मिस्त्रींनी लिहून दिलेला तपासणीचा कागद जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. बीड परिसरात कुणाला असाच काळा रंगवलेला ‘नवा’ रेडिएटर बसवून मिळाला असेल, तर आजच नखाने खरवडून बघा आणि जाळीसमोर कागद धरून बघा.