बोगनवेल छाटायला घेतलेला सेफ्टी गॉगल: घ्यावा का?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून घेतला, दोनशेच्या आत पडला. आधी सांगते, साधा नंबरचा चष्मा पुरत नाही, कारण बोगनवेलीची फांदी कापली की ती झटक्याने उसळते आणि काटा बाजूने, खालून कुठूनही येतो, त्यामुळे साईडला आणि भुवईवर कव्हर असलेलाच बघा. काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे चिवट प्लास्टिकची हवी, आणि फ्रेमवर EN 166 (युरोपचं सुरक्षा मानक) किंवा Z87 (अमेरिकेचं) असं कोरलेलं आहे का ते दुकानातच वाचून घ्या, नुसतं पाकिटावर छापलेलं काय कामाचं!

माझा चष्म्यावरून बसतो, हे बेस्ट. पण अँटी-फॉग वगैरे म्हणतात ना, मे महिन्यातल्या आपल्या मुंबईच्या घामापुढे त्याचं काही चालत नाही, दहा मिनिटांत धुकं. व्हेंटवाला, म्हणजे हवेसाठी भोकं असलेला, थोडा बरा, पण चाफा किंवा युफोर्बिया कापणार असाल तर चीक उडतो आणि डोळ्यात गेला तर भयंकर चुरचुरतो, तिथे थेट भोकं असलेला नको, आडोशाचे व्हेंट असलेला घ्या. पुसताना ओढणीने कोरडा घासू नका, ओरखडे पडतात, नळाखाली धरा. काळी काच तर नकोच, सावलीतली काटेरी फांदी दिसतच नाही. पाचपैकी चार, एक धुक्यासाठी कापला.